राई ही आईचीच मालमत्ता
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिरावर कलश चढला. ज्यांनी वर्गणी दिली, ज्यांनी श्रमदान केले, त्या सर्वांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. मी तालुका कचेरीतील एक साधा कारकून. कीर्तनकारांची रसाळ वाणी माझ्यापाशी नाही. परंतु समितीने आज्ञा केली, म्हणून आईच्या पाठीशी जी राई उभी आहे तिच्याविषयी दोन शब्द बोलतो.

हा विषय मी मुद्दाम निवडला. यात्रेला जागा अपुरी पडते, तरी राईचा खालचा भाग साफ करून तेथे गाड्यांसाठी तळ व मंगल कार्यालय करावे, लाकूड विकून काही खर्चही निघेल, असा विचार काही मंडळींनी मांडला आहे. त्यांचा हेतू वाईट नाही. गावाची सोय व्हावी असेच त्यांना वाटते. पण निर्णय करण्यापूर्वी आपण काय देणार आणि काय घेणार, याचा हिशेब मांडला पाहिजे. हिशेब हे कारकुनाचे कामच आहे.

आपल्या पूर्वजांनी राईला कुंपण घातले नव्हते, पहारा ठेवला नव्हता. राईत कुऱ्हाड न्यायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरच्या चुलीला आणायची नाही, देवळाच्या कामास लाकूड लागले तरी आधी कौल लावायचा, एवढाच त्यांचा कायदा. सह्याद्रीत वाघजाई, काळकाई, भैरव अशा दैवतांच्या नावाने राखलेल्या शेकडो देवराया आहेत. भोवतालचे डोंगर कोळशासाठी व इमारती लाकडासाठी उघडे पडले, तेव्हाही या राया टिकल्या. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या काळात या देवराया पायी फिरून पाहिल्या व त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी, आमची राई तुटू नये म्हणून साहाय्य करा, असे वर्तकांना कळविले होते. कारण गावाला पाणी पुरविणारा ओढा त्या राईतून येत होता. ते गावकरी शास्त्रज्ञ नव्हते. पण आपले पाणी कोठून येते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपणासही ते ठाऊक आहे. आपला झरा राईच्या पायथ्याशीच आहे. उघड्या माळावर पाऊस पडला की पाणी माती घेऊन धावत सुटते. राईत तोच पाऊस आधी पानांवर पडतो, मग खालच्या पालापाचोळ्यावर उतरतो, आणि मुळांनी भुसभुशीत केलेल्या जमिनीत सावकाश मुरतो. ते मुरलेले पाणी पुढे उन्हाळ्यापर्यंत झिरपत राहते. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस कमी नाही, बंधुंनो, पाऊस धरून ठेवणारे कमी झाले आहे.

जुन्या गोष्टी राहू द्या, ३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. केवळ झाडे नव्हती म्हणून तसे घडले, असे मी म्हणणार नाही. अतिवृष्टी होती, इतरही कारणे होती. परंतु मुळांचे जाळे डोंगराची माती बांधून ठेवते, ही गोष्ट बांधावर झाड राखणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. आपली वाडीही उतारावर आहे आणि तिच्या वर राई आहे, एवढेच लक्षात आणून देतो.

राईत केवळ लाकूड उभे नाही. हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, जांभूळ, गारंबीचा वेल, वैद्याला लागणाऱ्या मुळ्या तेथे आहेत. धनेश पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो. अशी ढोली तयार होण्यास माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. शेकरू हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जातो. मध्ये मोकळा तळ केला तर त्याचा रस्ताच तुटतो.

ही शिकवण आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेतानाही आंबा, फणस यांसारखी झाडे तोडू नयेत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशा अर्थाची सक्त ताकीद आहे. हिमालयात रेणी गावी १९७४ च्या मार्च महिन्यात गौरादेवी व तिच्या सोबतच्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना जंगलातून परत पाठविले. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवून ते सांभाळून दाखविले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक तृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी असे ठरविले. २०२१ च्या वन अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात वनाच्छादनाचे प्रमाण साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे हिशेबात आपण आधीच बरेच मागे आहोत.

कायद्याचेही सांगणे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमान्वये हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ इत्यादी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जमीन वनखात्याची असेल तर १९८० चा वन कायदा आणखी कडक आहे. पण माझी विनंती अशी, की कायद्याच्या भीतीने राई राखू नका. भीतीने राखलेली वस्तू भीती गेली की जाते.

म्हणून समितीपुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली, राईची मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत आणि ग्रामसभेत ठराव करून तो दप्तरी ठेवावा. दुसरी, गाड्यांचा तळ रस्त्यालगतच्या पडीक जागेत करावा. वृद्धांना देवळापर्यंत आणण्यासाठी तरुण मंडळाने यात्रेपुरती सोय करावी. तिसरी, उघड्या जागी झाडे लावायची तर राईतल्याच बिया रुजवून रोपे करावीत, भराभर वाढणारी परकी झाडे आणू नयेत. चौथी, यात्रेनंतर पत्रावळी, प्लॅस्टिक व कचरा त्याच दिवशी उचलावा.

आपण देवळाचा जीर्णोद्धार केला, कारण दगड-चुना जीर्ण होतो आणि पैसा जमवून तो पुन्हा नवा करता येतो. दोनशे वर्षांच्या ऐनाचा जीर्णोद्धार कोणत्याही वर्गणीतून होत नाही. आईला पक्के घर दिले, तर तिचे अंगण काढून घेऊ नये. कौल लावण्याआधी प्रत्येकाने एकदा झऱ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे, आणि मग हात वर करावा, एवढेच मागणे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!