तपासणाऱ्याला कोण तपासतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या डॉक्टरीणबाईंना, लेखिकेला किंवा कीर्तनकार बाईंना बोलावण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा आपण मला बोलावलेत. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा मी म्हटले, "अहो, मी जन्मभर बाटल्या विसळल्या. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "मग बाटल्यांचेच बोला." तेव्हा आज बाटल्यांचेच बोलणार आहे. ऐकून कंटाळा आला तर दोष चिटणीसबाईंचा.

आधी एक गैरसमज दूर करते. आमच्या गल्लीत मला 'केमिस्टबाई' म्हणतात, आणि कोणाचे मूल तापले की रात्री माझे दार वाजते. औषधाच्या दुकानदाराला आपण केमिस्ट म्हणतो, त्यामुळे हा घोटाळा होतो. त्यांचे शास्त्र निराळे, त्यांना १९४८ चा फार्मसी कायदा आहे, त्यांची नोंदणी होते. माझा धंदा पृथक्करणाचा. समोर आलेल्या पदार्थात काय आहे, किती आहे, आणि जे नसावे ते आहे का, एवढे तीन प्रश्न आम्ही विचारतो. औषध देणे हे आमचे काम नव्हे.

हे काम आपणा सर्वांना नवे नाही. तूप तळहातावर चोळून त्याचा वास घेणारी आजी पृथक्करणच करीत होती. आपल्या जळगावच्या सराफ बाजाराचे नाव दूरवर आहे. तिथला जुना सराफ कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढून कस सांगत असे. आता हॉलमार्कच्या केंद्रात दागिन्याचा लहानसा तुकडा घेतात, चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे आणि तांबे मूस शोषून घेते, सोन्याचांदीचा मणी उरतो. तो नत्राम्लात घातला की चांदी विरघळते. उरलेले सोने तोलायचे. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग, हे त्या तोलण्यावर ठरते. २०२१ च्या जूनपासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्कची सक्ती झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या खुणेवाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तुमच्या गळ्यातल्या मण्यांच्या मागे असा एक कोणीतरी उभा आहे, ज्याला तुम्ही कधी पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट तुपाची. वनस्पती तूप शुद्ध तुपात मिसळले तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून आपल्याकडे कायद्याने वनस्पती तुपात शेकडा ५ तिळाचे तेल घालायला लावले होते. का? तर तिळाच्या तेलात असा एक अंश आहे की फरफ्युराल आणि तीव्र मिठाचे आम्ल घालून हलवले की गुलाबी-लाल रंग येतो. भेसळ करणाऱ्याच्या डब्यातच साक्षीदार बसवून ठेवला! ही युक्ती मला प्रथम कळली तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसले होते.

असो. आता हे शिकायचे कसे, ते सांगते.

माझे माहेर धुळ्याचे. मी जळगावला बी.एस्सी. केले, तेव्हा इथली कॉलेजे पुणे विद्यापीठाखाली होती. आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झाले आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. पदवी हातात आली तेव्हा मला वाटले, आपल्याला सगळे येते. एका तेलाच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि पहिले सहा महिने मी काचेची भांडी धुतली व वजने केली. तिथले वडीलधारे रसायनज्ञ म्हणत, "ज्याची काच स्वच्छ नाही त्याचे उत्तर स्वच्छ नाही." ब्युरेट वाचताना डोळा द्रवाच्या पातळीच्या रेषेत हवा, वर असला की एक आकडा, खाली असला की दुसरा. प्रत्येक चाचणी दोनदा करायची. शिवाय एक कोरी चाचणी करायची, म्हणजे नमुना न घालता बाकी सगळे तसेच करायचे, म्हणजे आपल्याच रसायनांची चूक नमुन्याच्या माथी जात नाही. आणि वहीत पेनने लिहायचे. चुकले तर रेघ मारायची, खोडायचे नाही. बायांनो, एवढेच शिक्षण. बाकी सगळे पुस्तकात सापडते.

आता मी जे सांगणार आहे ते गेली कित्येक वर्षे सांगितलेले नाही.

१९७८ सालच्या दिवाळीनंतरचे दिवस. शेंगदाण्याचा हंगाम होता. आसपासचे छोटे घाणीवाले आपले कच्चे तेल कारखान्याला देत. प्रत्येक खेपेची आम्लता पाहायची असे. तेल कोमट अल्कोहोलमध्ये घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे, आणि दाहक सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडून गुलाबी रंग टिकेपर्यंत थांबायचे. जितका सोडा जास्त लागला तितके तेल आंबट, आणि तितका भाव कमी. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर माल परत. धुळ्याकडच्या एका घाणीवाल्याचा माल काठावर होता. माझ्या आकड्याने तो काठाबाहेर गेला. मी सही केली. पिंपे परत गेली.

पुढच्या आठवड्यात येईल तो नमुना आंबट येऊ लागला. वडीलधाऱ्या गृहस्थांनी एवढेच विचारले, "सोडा केव्हा प्रमाणित केलास?" मी गप्प. सोड्याचे द्रावण हवेतला कर्बवायू शोषते आणि क्षीण होते. क्षीण झाले की जास्त लागते, आणि तेल आहे त्याहून आंबट दिसते. बाटलीचे बूच सैल होते आणि पंधरा दिवस मी ते तपासले नव्हते. ऑक्झॅलिक आम्लाने पडताळले, कमी भरले. त्या घाणीवाल्याचा राखून ठेवलेला नमुना काढून पुन्हा पाहिला. मर्यादेत होता. चांगला मर्यादेत होता.

मी वरिष्ठांकडे गेले. झाले ते झाले, वाच्यता करू नको, असे सांगण्यात आले. रविवारी मी एस.टी.ने त्या गावी गेले. तोवर त्यांनी तेल मिळेल त्या भावाने विकून टाकले होते. त्यांच्या घरच्या बाईंनी मला पाणी दिले, बसायला घोंगडी टाकली. माझे सांगून झाल्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, तुमना कागदनी मना हंगाम खादा." रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

परत येताना गाडीत मी विचार करीत होते की आता माझे काय होईल. काहीच होणार नव्हते! डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद आहे, वकील चुकला तर बार कौन्सिल आहे. मी कोणाला जबाबदार होते? मालकाला, आणि मालकाला माझ्या चुकीने फायदाच झाला असता. आपल्या देशात रसायनज्ञांसाठी कायद्याने नेमलेली, नावे नोंदणारी आणि नाव काढूनही टाकणारी अशी परिषद तेव्हा नव्हती, आजही नाही. प्रयोगशाळेला एन.ए.बी.एल.ची मान्यता मिळते आणि ती मिळवायला पुष्कळ कसून तपासणी होते. पण ती मान्यता प्रयोगशाळेची. सही करणारा हात तिथून उठून दुसरीकडे गेला की ती मान्यता त्याच्याबरोबर जात नाही.

इतर देशांत हा प्रश्न फार आधी आला. इंग्लंडात १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी पेपरमिंटच्या गोळ्यांत चुकून सोमल पडला आणि सुमारे वीस माणसे दगावली. १८६० साली भेसळीचा पहिला कायदा झाला. पुढे सरकारी विश्लेषक नेमले गेले, आणि लगेच ओरड सुरू झाली की या विश्लेषकांनाच काही येत नाही, एक म्हणतो दुधात पाणी आहे, दुसरा म्हणतो नाही. तेव्हा त्या मंडळींनी १८७४ साली आपली संस्था काढली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक कोणते? तर दूध कशाला म्हणायचे, त्याची किमान मर्यादा सर्वांनी मिळून ठरवणे. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आपली अब्रू जाते आहे असे दिसल्यावर त्यांनी आधी आपले माप एक केले.

आपल्याकडे १९२७ साली कलकत्त्यास इन्स्टिट्यूशन ऑफ केमिस्ट्स स्थापन झाली. तिची असोशिएटशिपची परीक्षा आहे आणि तिचा भर पृथक्करणावरच आहे. नोकरी करता करता पुढे जाऊ पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना तिचा मोठा आधार वाटे. त्या एस.टी.च्या प्रवासानंतर मी त्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. नापासही झाले, मग पास झाले. अन्नाच्या कायद्यानेही ही परीक्षा मानली आहे. १९५४ चा भेसळप्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि २०११ पासून तो अमलात आहे. त्याच्या नियमांप्रमाणे अन्न विश्लेषक व्हायला रसायनशास्त्र, जीवरसायन, अन्नतंत्र अशा एखाद्या विषयाची पदव्युत्तर पदवी किंवा ही असोशिएटशिप, अन्न तपासण्याचा निदान तीन वर्षांचा अनुभव, आणि वर मंडळाची परीक्षा, असे तिन्ही लागते. म्हणजे निदान अन्नापुरते तरी माणसालाच तपासले जाते. तेलाला, पाण्याला, मातीला, खताला, सिमेंटला असे का नसावे, हे मला कोणी अजून पटवून दिलेले नाही.

या कायद्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते. अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक विश्लेषकाकडे जातो, दोन अधिकाऱ्याकडे राखून राहतात, आणि चौथा, दुकानदाराने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, आणि त्यावर अपील आहे. माझ्या त्या घाणीवाल्याला असा चौथा भाग मिळाला असता तर!

आणि तुम्हालाही हक्क आहे. कलम ४० प्रमाणे सामान्य गिऱ्हाइकाला फी भरून माल तपासून घेता येतो. मात्र तसा इरादा विकत घेतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. माल कायद्यात बसत नाही असे निघाले तर फी परत मिळते. आपल्या मंडळाने हळद किंवा तेल घेऊन एकदा हे करून पाहावे, अशी माझी सूचना आहे.

कोणी म्हणेल, हे पुरुषांचे क्षेत्र. इंग्लंडात १८९२ साली एमिली लॉइड या बाईंनी तिथल्या रसायनज्ञांच्या संस्थेची परीक्षा देऊन असोशिएटशिप मिळवली. १९०४ साली एकोणीस बायकांनी केमिकल सोसायटीकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. दार उघडायला १९२० साल उजाडले. आपल्या कमलाबाई सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली बंगलोरच्या संस्थेत गेल्या तेव्हा सर रामन यांनी आधी नकार दिला आणि मग वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश दिला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. पण मला त्यांचे पुढचे काम अधिक जवळचे वाटते. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी ग्राहकांची संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. कमलाबाई तिच्यात काम करीत, १९८२ च्या सुमारास तिच्या अध्यक्ष होत्या, भेसळीवर लिहीत. एवढी मोठी विदुषी डाळीतला रंग आणि दुधातले पाणी यांकडे वळली, तिला त्यात कमीपणा वाटला नाही.

आज या सभेत ज्यांच्या लेकी-सुना रसायन घेऊन शिकत आहेत त्यांना एकच विचारते. मुलीला मार्क किती पडले ते तुम्ही विचारता. तिला ब्युरेट हातात किती वेळा मिळाली ते विचारता का? यंत्रांचे दिवस आहेत हे मला मान्य आहे. यंत्र बटण दाबले की आकडा देते. पण यंत्रही प्रमाणित करावे लागते, आणि माझ्या सोड्याच्या बाटलीसारखे तेही गुपचूप क्षीण होते.

शेवटी पाण्याचे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. त्यांच्या हाती जी पेटी येते तिने पाण्याचा कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, उरलेले क्लोरीन वगैरे पाहता येते. पेटीने सुगावा लागतो, पक्के उत्तर प्रयोगशाळेचे. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पाणी तान्ह्या मुलाला देऊ नये, एवढे तरी लक्षात ठेवा. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून वाढते.

चिटणीसबाईंनी आपल्याला घरच्या बोअरचे पाणी आणायला सांगितले होते. टेबलावर चार बाटल्या आल्या आहेत. मी या पाण्यात लालसर रंग आणणारे द्रव्य टाकीन आणि ब्युरेटमधून ई.डी.टी.ए. सोडीन. रंग निळा झाला की थांबायचे, आणि किती लागले त्यावरून कठीणपणा काढायचा. डाळ कोणाकडे का शिजत नाही ते कळेल. प्रत्येक बाटली दोनदा. तीन बाटल्यांवर नाव, तारीख आणि कुठले पाणी ते लिहिलेले आहे. चौथीवर काहीच लिहिलेले नाही, आणि ती आत साबणाने धुऊन नुसती निथळली आहे असा वास येतो. ती मी तपासणार नाही. ज्या बाईंची असेल त्यांनी ती घरी न्यावी, नळ थोडा वेळ सोडून त्याच पाण्याने तीनदा विसळावी, चिठ्ठी लावावी आणि उद्या सकाळी माझ्याकडे पाठवावी. पैसे घेणार नाही.

आता दिवा जरा इकडे ओढा.