गाठीचा शोध आणि किरणांची गाय

श्रोतेहो, गाईची धार कशी काढतात, हे तुम्हांला मी काय सांगावे? पण मोठ्या इस्पितळांतही सकाळी एक धार काढली जाते, बरं का! शिशाच्या जाड आवरणात मोलिब्डेनम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य ठेवलेले असते. त्यातून टेक्नेशियम हे दुसरे द्रव्य सतत निपजत राहते. मिठाच्या पाण्याने ते धुऊन काढायचे. तिथली मंडळी या पात्राला थट्टेने गायच म्हणतात. आठवड्याभरात ती आटते, मग नवी आणायची.

टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. सकाळी सोळा आणे असेल, तर दुपारी आठ आणे, संध्याकाळी चार. म्हणून ते अंगात फार काळ राहत नाही.

स्तनातली गाठ पाहण्यासाठी ते सेस्टामिबी नावाच्या औषधाला जोडून हाताच्या शिरेत टोचतात. हे औषध मूळचे हृदयाच्या तपासणीचे. जिथल्या पेशी जोमाने वाढतात, तिथे ते अधिक साठते, आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा उजळ दिसते. क्ष-किरणांच्या मॅमोग्राफीत गाठ पांढरी दिसते. पण काही बायकांचे स्तन इतके दाट असतात की तेही पांढरेच दिसतात. धुक्यात पांढरी गाय शोधावी, तसे होते. तिथे ही तपासणी कामी येते.

मात्र ती सरसकट सर्वांसाठी नाही. औषध सर्व शरीरभर फिरते, त्यामुळे किरणांची मात्रा मॅमोग्राफीहून जास्त पडते. शिवाय उजळ ठिपका म्हणजे कर्करोगच असे नव्हे. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

याच टेक्नेशियमचा मला त्याहून मोलाचा वाटणारा उपयोग शस्त्रक्रियेच्या वेळी होतो. ते स्तनात टोचले की वाहत वाहत काखेतल्या पहिल्या लसिकाग्रंथीपाशी पोचते. सर्जन हातातल्या यंत्राने ती ग्रंथी हुडकतात. ती निरोगी निघाली, तर बाकीच्या ग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत. पूर्वी काख सरसकट साफ करीत, आणि पुष्कळ बायकांचा हात जन्मभर सुजे. खुरपणी, दळण, पाण्याची कळशी, सगळे त्याच हातावर! हात वाचणे म्हणजे काय, हे शेतकरणीला विचारा.

आता यंत्र नसलेल्या गावाचे काय? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली दीड लाख बायकांवर एक प्रयोग सुरू केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण बायकांत मात्र असा फरक दिसला नाही.

"दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?" असे घरोघरी म्हणतात. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. शिक्षक मंडळींनी हे पालकसभेत आयांना मोकळेपणी सांगावे. गाठ लागली, कातडी ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पुढे ही किरणांची तपासणी ठरलीच, आणि अंगावर पिणारे मूल असेल किंवा दिवस गेले असतील, तर सुई टोचण्याआधीच तसे डॉक्टरांना सांगा.