आधी वही, मग पडदा

(कडाव, ता. कर्जत, जि. रायगड येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानातली माणसे आज या भाताच्या गावात जमली आहेत ती एका कामासाठी. आपण कोणता माल केव्हा घातला, काट्यावर वजन किती भरले, ओलावा किती लावला, कडता किती गेला, हातात काय पडले, याची नोंद आपल्याच ताब्यात असावी आणि ती कोणत्याही गावातून पाहता यावी, असा संगणकावरचा कारभार आपल्याला पायापासून उभा करायचा आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. दोन्हींत माहिती आपणच भरतो. पण काट्यावर वाद झाला की पुढे करायला आपली स्वतःची वही नसते. ती वही करायची आहे.

संगणकवाले याला फुल-स्टॅक वेब ॲप्लिकेशन म्हणतात. शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. घराला ओटा असतो, माजघर असते आणि ज्वारीचे पेव असते. मोबाईलवर दिसणारा पडदा म्हणजे ओटा. सर्व्हरवर बसून हिशेब करणारा आणि कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे माजघर. नोंदी साठवणारा डेटाबेस म्हणजे पेव.

पहिल्या खेपेला आम्ही ओट्यापासून सुरुवात केली आणि तोंडघशी पडलो. शहरातल्या एका माणसाला काम दिले. त्याने पडदा झकास केला, हिरवेगार शेत, फुललेली बोंडे. शेतकऱ्याची ओळख म्हणून मोबाईल नंबर धरला. गावात तीन भावांत एक फोन! संगणकाने तिघांचा कापूस एकाच्या नावावर चढवला. दुरुस्तीसाठी शोधायला गेलो तर गडी काम सोडून गेलेला आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याबरोबर. पेव आमचे, किल्ली दुसऱ्याची. दोष त्याचा जेवढा, त्याहून जास्त आमचा. आम्ही विचारलेच नव्हते.

वारणेचा अनुभवही ध्यानात घ्या. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा सरकारी प्रकल्प झाला. जगाची माहिती गावात येणार असे बोलले गेले. पुढे संशोधकांनी पाहिले तेव्हा संगणकांचा खरा उपयोग होत होता तो मुख्यतः उसाच्या वजनाच्या नोंदी आणि हिशेब यांसाठीच. मग ७ गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले, आणि ते झाले. वारणा चुकली असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न आधी कळला की यंत्र स्वस्तात भागते, एवढेच म्हणतो.

म्हणून या खेपेला क्रम उलटा. आधी कागद. खऱ्या काटापट्ट्या आणि हिशेबपट्ट्या समोर घ्यायच्या आणि त्यांवर काय काय लिहिलेले असते ते मांडायचे. त्यातून पेवाचे कप्पे ठरतात: शेतकरी, गाव, विक्री, भाव. प्रत्येक शेतकऱ्याला आपला वेगळा क्रमांक. फोन बदलला तरी माणूस तोच राहिला पाहिजे.

भाव कधीही प्रोग्राममध्ये कोंबू नका. त्याचा कप्पा वेगळा आणि प्रत्येक भावाला तारीख. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागे ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ ला ८,११० झाला. प्रोग्राममधला एक आकडा बदलून मोकळे झालात, तर २०२४-२५ च्या विक्रीवरही प्रत्येक क्विंटलला ५८९ रुपयांची खोटी थकबाकी दिसेल. एकदा असा हिशेब निघाला की आपल्या खऱ्या हिशेबावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. ओलाव्याचेही तसेच. हमीभाव ८ टक्के ओलाव्याला असतो, १२ पर्यंत कपात होते, त्यापुढे खरेदीच नाही. तेव्हा ओलाव्याचा आकडा नोंदवल्याशिवाय नोंद पुरी धरायची नाही.

मग माजघर. रानात नेटवर्क नसते. नोंद फोनमध्येच थांबली पाहिजे आणि नेटवर्क आले की वर गेली पाहिजे. नोंदीला क्रमांक फोनमध्येच पडला पाहिजे, नाहीतर दोनदा पाठवलेली एकच गाडी दोन गाड्या होतील. एका शेतकऱ्याचा हिशेब दुसऱ्याला दिसता कामा नये आणि त्याला विचारल्याशिवाय नाव चढवायचे नाही. २०२३ च्या कायद्यानेही वैयक्तिक माहितीसाठी संमतीचा नियम घातला आहे. हे सारे झाल्यावर पडदा.

सामानाला पैसा लागत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे. प्रोग्राममध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास ठेवणारे गिटही फुकट आहे; ते पहिल्या दिवसापासून लावायचे. पासवर्ड मात्र प्रोग्राममध्ये लिहायचा नाही. शिकण्याची प्रत वेगळी, चालती प्रत वेगळी. रोजची नक्कल दुसऱ्या जागी, आणि महिन्यातून एकदा त्या नकलेवरून सगळे पुन्हा उभे करून पाहायचे. न तपासलेली नक्कल म्हणजे न तपासलेले बियाणे. पेरल्यावर कळून काय उपयोग? डोमेन आणि सर्व्हरचे खाते संघटनेच्या नावावर, किल्ल्या दोघांकडे.

इथला शेतकरी भात एकदम सगळ्या रानात टाकत नाही. लहानशा तुकड्यात राब भाजतो, रोप करतो, मग लावणी. आपणही तेच करू. एक गाव, वीस शेतकरी, एक हंगाम. शेजारी कागदाची वही चालू ठेवायची. दोन्ही हिशेब पैशापैशाने जुळले तरच पुढचे गाव.

जिल्हा बैठकीला येताना भाषण आणू नका. प्रत्येक गावातून वीस पट्ट्या आणा, चुरगळलेल्या असल्या तरी चालतील. आपले काम तिथून सुरू होते.