घरातला तंबोरा दूरगावी विकताना
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेच्या आठवणी सांगणारे आज बरेच आहेत, म्हणून मी जरा कामाचं बोलते. आपल्या वयात आईवडिलांची घरं आवरायची वेळ येते. कपाटाशेजारी गवसणीत एखादा मिरजेचा तंबोरा उभा असतो आणि घरात गाणारं कुणी उरलेलं नसतं. जाहिरात टाकली की फोन येतो तो परगावाहून. सांभाळायचं ते तिथून पुढे.

खरा घेणारा वाद्याबद्दल विचारतो. भोपळ्याला तडा आहे का, जवारी कधी काढली, तंबोरा बायकी सुराचा की पुरुषी? शिवाय तो घासाघीसही करतो. फसवणारा यातलं काही विचारत नाही. किंमत त्याला लगेच मान्य असते. "मी लष्करात आहे, बदली झालीय, माणूस पाठवतो, पैसे आत्ताच घ्या," असं म्हणून तो क्यूआर कोड पाठवतो. एवढं पक्कं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला आपल्याला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

दुसरा प्रकार म्हणजे "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा." मेसेज बँकेसारखा दिसतो, पण तसा मेसेज कुणीही लिहू शकतो. आपलं खातं स्वतः उघडून शिल्लक पाहा. चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा.

मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे लोक विचारतात, कुठलं अॅप सुरक्षित? पण अशा फसवणुकीत अॅप कुणी फोडत नाही. आपल्याला घाई करून आपल्याच बोटाने बटण दाबून घेतात. म्हणून "घरी विचारून उद्या सांगते," हे वाक्य पाठ करा. आणि फसलातच, तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

भीती समोरच्यालाही असते. त्याला व्हिडिओ कॉलवर चारही तारा छेडून दाखवा, तडा असेल तर तोही दाखवा. वाटेत फुटलं तर नुकसान कुणाचं, हे आधीच लिहून ठरवा. हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असेल तर मात्र थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या वस्तूंचा व्यापार करता येत नाही.

पैसे खात्यात दिसले की बांधाबांध. तारा सैल करा. घोडी बहुधा तारांच्या दाबावरच उभी असते, म्हणून काढण्याआधी तिच्या जागेवर पेन्सिलीने बारीक खूण करा आणि ती वेगळी गुंडाळा. भोपळा सगळ्यात नाजूक. लाकडी खोक्यात त्याच्या चहूबाजूंनी मऊ भरण हवं, फळीला तो कुठेही टेकता कामा नये. बांधतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

आणि आठवड्याने एक फोन जरूर करा, तंबोरा लागला का ते विचारायला. आईचा तंबोरा दुसऱ्या घरी सुरात लागला, हे ऐकण्यातलं समाधान किमतीत मोजता येत नाही.