हाडांवरून वय: किती कळतं, किती नाही



शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. 1968 पासून पुढे बरीच वर्षं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळाच्या अस्थी. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी त्या सांगाड्यांचा अभ्यास केला. अशा अस्थींवरून आणि दातांवरून मूल काही महिन्यांचं होतं की वर्ष उलटल्यावर गेलं, हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. त्याच वस्तीतल्या मोठ्या माणसाचं वय मात्र दहा-दहा वर्षांच्या ऐसपैस टप्प्यांतच बसवावं लागतं. हा फरक का पडतो, ते नीट समजून घ्यायला हवं. आज कोर्टात उभ्या असलेल्या पोरांचं भवितव्य त्यावर ठरतं.

लहानपणी हाड घडत असतं. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथली आठ छोटी हाडं दिसतच नाहीत. ती अजून कूर्चेचीच असतात. पहिली दोन काही महिन्यांत उमटतात, शेवटचं वाटाण्याएवढं हाड नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. लांब हाडांची टोकं मधल्या दांड्यापासून वेगळी असतात. दोहोंमध्ये कूर्चेची चकती असते आणि उंची वाढते ती तिथेच. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे ही चकती मिटू लागते, मुलग्यांमध्येसुद्धा. कोपर आधी मिटतं, मनगट नंतर, कमरेच्या हाडाची वरची कड त्याहून उशिरा. सगळ्यांत शेवटी हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक जुळतं, साधारण पंचविशीत किंवा त्याही पुढे. गर्भात हाड बनायला सुरुवात होते तीही या हासळीपासूनच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात! मला या हाडाचं नेहमीच अप्रूप वाटत आलं आहे.

वाढ संपली की हे वेळापत्रकही संपतं. पुढे वाचायची ती झीज. टी. विंगेट टॉड यांनी 1920 साली क्लीव्हलंडमध्ये ओटीपोटाखालच्या सांध्याचे दहा टप्पे मांडले. तरुणपणी त्या पृष्ठभागावर उंचवटे आणि खाचा असतात, मग तो सपाट होतो, त्याला कड येते, उतारवयात तो खडबडीत होऊन झिजतो. पण ही झीज कष्ट, वजन, बाळंतपणं, आजार या सगळ्यांवर अवलंबून. 1982 साली बोके-आपेल आणि मासे या फ्रेंच अभ्यासकांनी याहून मूलभूत आक्षेप घेतला: ज्या सांगाड्यांवरून मोजपट्टी बनवली, त्यांच्याच वयाची छाप नव्या अंदाजावर पडते. हा आक्षेप मला पूर्ण पटतो.

आता कोर्टाकडे येऊ. आरोपी सतरा वर्षांचा की एकोणीस, यावर खटला कुठे चालणार ते ठरतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला मागतं, तो नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची चाचणी. हा क्रम अगदी योग्य आहे. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, असं सर्वोच्च न्यायालयानंही 1982 च्या जयामाला प्रकरणात म्हटलं आहे. मुलींची हाडं मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षं आधी जुळतात. कुपोषणानं किंवा थायरॉइडच्या कमतरतेनं वाढ रेंगाळते, वयात लवकर आलं तर ती पुढे धावते. उपाशी वाढलेला एकोणीस वर्षांचा मुलगा एक्स-रेमध्ये सतराचा दिसू शकतो.

आपल्या न्यायवैद्यक ग्रंथांत अजूनही हाडं कोणत्या वयात जुळतात हे सांगणाऱ्या गॉलस्टॉन यांच्या 1937 च्या तक्त्यांचा आधार घेतला जातो. ते बंगालमधल्या मुलामुलींवर आधारलेले होते. त्यानंतर आहार बदलला, मुलींचं वयात येणं अलीकडे सरकलं. म्हणून माझी वैद्यकीय महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे: जन्मतारीख पक्की ठाऊक असलेल्या आपल्याकडच्या मुलांचे एक्स-रे पालकांच्या संमतीनं अभ्यासा. शहरातली मुलं घ्या, तशी मेळघाटातली आणि ऊसतोड कामगारांचीही घ्या. आणि अहवालात एकच आकडा लिहू नका. वयाची खालची आणि वरची मर्यादा, कोणते सांधे पाहिले आणि कोणता तक्ता वापरला, हे न्यायाधीशांना दिसेल असं लिहा.