बागेची फेरी आणि सातबारा

आज आपण एका मोठ्या इस्टेटीच्या बागेत आणि शेतात दिवसभराची फेरी मारू. ठिकाण आहे इंग्लंडमधल्या केंट भागातलं सिसिंगहर्स्ट.

आत गेलं की विटांचा उंच बुरूज लागतो. आधी त्यावर चढायचं. वरून बागेची आखणी कळते. जुन्या भिंती आणि कापून सारखी केलेली हिरवी कुंपणं यांनी बागेच्या खोल्या पाडल्यात, जणू छप्पर नसलेला वाडाच. पलीकडे शेतं आणि रान.

खाली उतरून एकेक खोली बघायची. एकीत गुलाब, एकीत औषधी आणि स्वयंपाकातल्या वनस्पती. एकीत फक्त पांढरी फुलं आणि रुपेरी पानं. ती बघायला जगभरातून लोक येतात. पुढे फळझाडं आणि भाजीचे वाफे. ही भाजी तिथल्याच उपाहारगृहात शिजते.

ही बाग फुलवली व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेनं. आखणी नवऱ्याची, हॅरल्ड निकल्सन यांची. लागवड मुख्यतः तिची. व्हिटा वाढली नोल नावाच्या प्रचंड वाड्यात. आईवडिलांची एकुलती एक. १९२८ साली वडील वारले आणि वाडा गेला चुलत्याकडे, कारण ती मुलगी होती. १९३० मध्ये तिनं सिसिंगहर्स्टची ही पडकी जागा विकत घेतली. १९३८ पासून एक शिलिंग घेऊन बाग लोकांना खुली केली. १९५९ मध्ये बागेची जबाबदारी दोन बायकांकडे आली आणि त्यांनी ती तीस वर्षं सांभाळली. १९६७ पासून जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

व्हिटाकडे विकत घ्यायला पैसा होता. आपल्याकडे तो नसतो, पण कायदा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. लग्न झालं म्हणून तो जात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो.

तरी भाऊबीजेला माहेरी गेलेली बहीण हक्कसोडपत्रावर सही करून येते. सही करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण कागद आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या ताईकडून वाचून घ्या. दबावाखाली सही करू नका.

या आठवड्यात एवढं करा: माहेरचा आणि सासरचा, दोन्ही सातबारे काढा. महाभूलेखवर ते बघायला मिळतात. कुणाकुणाची नावं आहेत ते बघा आणि गटाच्या पुढच्या बैठकीला कागद घेऊन या.