यंत्र 'नाही' म्हणाले तर दाद कुणाकडे?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

मला 'इंटरनेट आणि सार्वजनिक सेवा' हा विषय दिला आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी आपल्या सर्वांच्या घराशी संबंध असलेल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे रेशन.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या त्या वेळच्या सरकारी कंपनीने देशातील सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा ते मोठ्या शहरांतील मोजक्या लोकांचे साधन होते. आज ते खेड्यातल्या रेशन दुकानात ई-पॉस यंत्राच्या रूपाने येऊन बसले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटले गेले. ज्याच्यापाशी ओळखीचा कागद नाही त्याला ओळख मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले.

आता हे यंत्र काय करते ते पाहू. माणूस बोट ठेवतो. बोटाचा ठसा इंटरनेटवरून आधारच्या मध्यवर्ती साठ्याकडे जातो आणि तिथून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येते. 'होय' आले तर धान्य मिळते. या साखळीत पाच कड्या आहेत: वीज, नेटवर्क, सर्व्हर, कार्डाशी जोडलेला आधार क्रमांक आणि बोट. पाचही एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. समजा, प्रत्येक कडी शंभरातून ९५ वेळा नीट चालते. ऐकायला बरे वाटते. पण गुणाकार करून पाहा. पाचही कड्या एकदम जुळण्याची वेळ शंभरातून ७७ वेळाच येते. हा माझा नुसता हिशेब आहे, कुठल्या पाहणीचा आकडा नव्हे. पण कागदावर चांगले दिसणारे यंत्र दुकानात का अडते, ते यावरून कळते.

आणि अडते ते कुणाचे? दगड फोडणाऱ्याचे, विटा थापणाऱ्याचे, भांडी घासणाऱ्या बाईचे, म्हाताऱ्या माणसाचे. कारखान्याच्या मालकाचा अंगठा झिजत नाही. ज्या कष्टाने बोटावरच्या रेषा पुसल्या, त्याच कष्टाची शिक्षा म्हणून धान्य नाकारले जाते. यासारखा अन्याय दुसरा नाही.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. कार्डाला आधार जोडलेला नव्हता म्हणून त्या घराचे रेशन बंद झाले होते. पोर भुकेने गेली, असे आई म्हणाली. प्रशासनाने मलेरियाचे कारण दिले. वाद कारणाचा झाला, पण बंद झालेल्या कार्डाचे काय? त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले की, आधार नाही किंवा बोट जुळले नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये. आदेश निघाला, पण दुकानापर्यंत किती पोचला, हे प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन विचारावे.

मग आपण यंत्राला विरोध करायचा का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सुरुवात झाली. पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये त्यात आली. पोटासाठी गाव सोडणाऱ्या मजुराला आपला वाटा परमुलखात घेता येतो, तो या इंटरनेटमुळेच. ही सोय आपण का नाकारावी? १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीही संगणकाच्या प्रश्नावर व्यवस्थापनाशी करार केला होता. यंत्र आले, पण त्याच्या अटी टेबलावर बसून लिहिल्या गेल्या. आज रेशनच्या यंत्राच्या अटी ठरवताना रांगेतल्या माणसाला कुणी विचारले?

साथींनो, खरा प्रश्न एवढाच आहे: या तारेतून कोण कुणाकडे पाहतो? आज सरकार आपल्या बोटाकडे पाहते. गोदामातून किती पोती निघाली, दुकानात किती आली, कुणाच्या नावावर किती उचल दाखवली, हे आपण पाहतो का? राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. मस्टर आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली, तेव्हा खोट्या नोंदी उघड्या पडल्या. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून वाढली आणि २००५ मध्ये कायदा झाला. त्याच राजस्थानात २०१९ मध्ये 'जन सूचना पोर्टल' सुरू झाले आणि योजनांचे तपशील अर्ज न करता लोकांना पाहता येऊ लागले. साधन तेच, पण नजर उलट दिशेची.

हा अधिकार रेशनच्या बाबतीतही आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे कलम २७ सांगते की रेशन व्यवस्थेचे दप्तर लोकांसमोर ठेवावे. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाचे आहे, कलम २९ दक्षता समित्यांचे. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी कलम १५ मध्ये आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, असे कलम ८ म्हणते. कायदा आपल्या बाजूला आहे, फक्त तो कपाटात आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे घ्यावीत. पहिले: यंत्राने नाकारलेल्या प्रत्येक माणसाची तारीखवार वही ठेवा. दुसरे: त्याच दिवशी हाताने नोंद करून धान्य द्या, अशी मागणी करा, आणि नकार लेखी मागा. तिसरे: महिन्यातून एकदा दुकानाच्या नोंदी चावडीवर वाचा. दुकानदाराशी भांडत बसू नका. त्यालाही तेच यंत्र अडवते.

यंत्राला 'नाही' म्हणायला एक क्षण लागतो. त्या 'नाही'ला जबाबदार कोण, हे कुठेच लिहिलेले नसते. ते नाव लिहून घेणे हे आपले काम आहे. आपली वही उघडली की ते सुरू होईल.